बापूच्या खोलीपासून माधवबागेपर्यंत

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’चा पहिला प्रयोग १५ ऑगस्ट १९८१ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये झाला. संस्था ‘भूमिका’, दिग्दर्शक विनय आपटे. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. पुढच्याच वर्षी ‘गांधी’ चित्रपटातली कस्तुरबा म्हणून त्या जगभर पोचल्या. पुरुषाच्या स्पर्शात आपलं मन नाही हे मित्राला उमगतं, ती जीव द्यायला जाते, वाचते आणि कॉलेजच्या नाटकात पुरुषाचं काम करताना नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते.

नाटक घडतं चाळीसच्या दशकात. दोघींना भेटायला जागा नाही, म्हणून मित्राचा कॉलेजातला दोस्त बापू आपली खोली देतो. मला या नाटकाचा कणा ती खोलीच वाटते. घरात लपावं लागतं, वसतिगृहात डोळे असतात. उरते ती एका भिडस्त मुलाची उसनी खोली. शिवाय सगळी गोष्ट सांगतो तो बापूच. तेंडुलकरांची ही युक्ती दुधारी आहे. प्रेक्षकाला बापूचा हात धरून जवळ जाता येतं, पण मित्रा शेवटपर्यंत दुसऱ्याच्या तोंडूनच कळते. आणि शेवटी ती मरते. एवढ्या धीट लेखकालाही तिला जगवायची वाट सापडली नाही, ही माझी जुनी तक्रार.

‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेत वाढलेले नाटककार चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ या नाटकात गोष्ट सांगण्याचं सूत्र आईकडे दिलं. मुलाची डायरी तिच्या हाती लागते आणि तो समलिंगी असल्याचं तिला कळतं. इथे कोणी मरत नाही. प्रश्न एवढाच, की आता या घरात एकमेकांशी बोलायचं कसं? दातार ऑगस्ट २००८मध्ये गेले. पुढे अभिनेत्री मोना आंबेगावकरांनी ही संहिता हिंदी-इंग्रजीतून एकटीने उभी केली. एकपात्री प्रयोगाला लहान जागा पुरते आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी बोलणंही होतं. मला ही गप्पांची वेळ प्रयोगाइतकीच मोलाची वाटते, कारण मित्राला नेमकं असं बोलायलाच कोणी मिळालं नव्हतं.

मधल्या काळात कायद्याने तीन वळणं घेतली. २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ला चाप लावला, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढला आणि ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या यादीतून सुटले. माधवबागेतल्या आईची भीती मात्र कलमाची नव्हतीच. तिची भीती शेजाऱ्यांची, नातेवाइकांची आणि थोडी स्वतःचीही.

ही आई मुळात मराठीत लिहिलेली. नेपथ्य जेमतेम, पात्र एक, खर्च किरकोळ. हौशी संस्थांनी यंदा ती मराठीतच बसवावी, आणि सोसायटीच्या सभागृहातही एक प्रयोग लावावा.