सरकता किनारा, बुडती घरटी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, तरीही किनाऱ्यावरचे म्हणून ओळखले जाणारे सुरय, आर्ली, चिखल्या आणि शेकाट्या हे पक्षी येथे दिसतात आणि त्याचे श्रेय धरणांकडे जाते. पैनगंगेवरील ईसापूर, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा व पुसदचे पूस या जलाशयांतील साठा सिंचनासाठी सोडला जाऊन आणि उन्हाने आटून मेअखेरीस पाण्याची कड पुष्कळ आत सरकते व मधला उघडा पडलेला ओलसर पट्टा गाळपेर म्हणून कसला जातो. गाळपेर म्हणजे बुडीत क्षेत्रातील, पाणी ओसरल्यावर तेवढ्यापुरती लागवडीस येणारी जमीन. पक्षिनिरीक्षकाच्या लेखी मात्र तोच या जिल्ह्याचा समुद्रकिनारा होय.

वळवाच्या सरींपासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंतचा काळ येथे सर्वांत अटीतटीचा असतो. टिटवी घरटे असे बांधतच नाही. ढेकळांत उथळ खळगा करून, कडेला खडे किंवा शेळ्यांच्या लेंड्या रचून ती बहुधा चार अंडी घालते आणि त्यांचा मातकट रंग व काळपट ठिपके भोवतालच्या जमिनीत असे मिसळून जातात की हातभर अंतरावरूनही ती चटकन ओळखू येत नाहीत. कडक उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते व ओल्या अंगाने अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, असा शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. पक्ष्याला भविष्य कळते हे मान्य करणे कठीण, पण पाणी चढू लागले की उंचावरचीच अंडी वाचतात एवढे मात्र खरे. पिवळी चोच, काळी टोपी आणि दुभंगलेली लांब शेपटी असलेला नदी सुरय जलाशयातील उघड्या बेटांवर वाळूत अंडी घालतो, कारण तेथे कुत्रे-कोल्हे सहसा पोहोचत नाहीत. परंतु पिल्ले उडती होण्याआधीच धरणात पुराचा लोंढा आला तर ते बेटच सापळा ठरते.

ज्या पाण्याने काहींची वीण बुडते त्याच पाण्याने इतरांची सुरू होते. चोचीवरील पिवळ्या-तांबड्या खुणांमुळे हळदी-कुंकू म्हटले जाणारे बदक काठच्या गवतात घरटे करते, गायबगळ्याच्या डोक्यामानेवर सोनेरी छटा चढते आणि कमळपक्ष्यांत अंडी उबवण्याचे काम नर करतो, मादी नव्हे. बगळ्यांच्या एकत्रित घरट्यांच्या वसाहतीला मारुती चितमपल्ली यांनी ‘सारंगागार’ हा नेटका शब्द दिला.

हे सारे पाहण्यासाठी सकाळी पावसाची उघडीप साधावी आणि गाळपेरात न उतरता मुरमाच्या वाटेवरूनच दुर्बीण लावावी. भिजलेल्या काळ्या मातीत चार पावले टाकताच पायाला शेरभर चिखल चिकटतो हा त्रास वेगळाच, पण पायाखाली येणारी अंडी दिसत नाहीत हे खरे कारण.

चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो तो 5 ते 12 नोव्हेंबर या काळात. तोवर चांगल्या पावसाच्या वर्षी धरणे भरलेली असतात आणि टिटवीचा तो खळगा खोल पाण्याखाली गेलेला असतो.