घोट्यापाशी बांधलेले पिस्तूल

शस्त्र कोणते बाळगावे याविषयी पुष्कळ बोलले जाते. ते अंगावर कोठे बाळगावे याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः शस्त्र जागेवरून हातात येण्यास जो वेळ लागतो, त्यावर त्याची निम्मी किंमत ठरते. हल्ली परवाना काढणारे काहीजण पिस्तूल घोट्याशी बांधावे काय, असे विचारतात. त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रोतेहो, झाकलेले शस्त्र आपणांस नवे नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानास भेटले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत, बाहीत बिचवा आणि बोटांत वाघनखे होती, असे परंपरा सांगते. लंडनच्या संग्रहालयाकडून २०२४ साली साताऱ्यास उसनी आणलेली वाघनखे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस हे हत्यार मुठीत कसे मावते ते कळले असेल. ते शस्त्र झाकलेले होते आणि त्याच वेळी हाताशीही होते. या दोन गुणांचा मेळ बसला तरच गुप्त शस्त्राचा उपयोग. घोट्याच्या म्यानाची परीक्षाही याच कसोटीवर केली पाहिजे.

हे म्यान, म्हणजे होल्स्टर, रुंद पट्ट्याने घोट्याच्या वर बांधतात. उजव्या हाताचा माणूस ते बहुधा डाव्या पायाच्या आतल्या अंगास बांधतो. अमेरिकेत पोलीस शिपाई कमरेच्या पिस्तुलाखेरीज दुसरे, लहान पिस्तूल असे ठेवतात. त्याचे गुण उघड आहेत. हात वर केला, सदरा सरकला, तर कमरेचे शस्त्र दिसते; पाटलोणीखालचे दिसत नाही. मोटार हाकणाऱ्याच्या कमरेवर पट्टा आवळलेला असतो, तेव्हा पाय जवळ घेणे सोपे. खाली पडलेल्या माणसाचा हातही कधी कधी कमरेपेक्षा घोट्यापाशी लवकर पोहोचतो.

परंतु उभ्या माणसाचे काय? त्याने वाकावे किंवा गुडघा टेकावा, एका हाताने पाटलोण वर ओढावी व दुसऱ्याने शस्त्र काढावे. तेवढा वेळ दोन्ही हात गुंतलेले आणि नजर समोरच्यावरून सुटलेली! शिवाय वजन. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०१४ साली निघालेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर हलके म्हणून गाजले, तरी ते सुमारे ५०० ग्रॅम भरते. खिशात जे जाणवत नाही, ते पायाच्या टोकाशी पावलागणिक हिंदकळते. धावताना पट्टा सैल होतो, आणि जमिनीलगतची धूळ व ओल यंत्रात शिरते.

आणखी एक गोष्ट. ही रीत खुर्चीवर बसणाऱ्या व दिवसभर पाटलोण घालणाऱ्या लोकांची आहे. आपण पंगतीला, भजनाला मांडी घालून बसतो; दारात वहाणा काढून पाय धुतो. गडबसारख्या गावी खारजमिनीत भात लावताना चिखल नडगीपर्यंत येतो. तेथे घोट्याशी शस्त्र बांधणे म्हणजे ते चिखलात पुरणेच होय. आपला शेतकरी कोयता कमरेला अडकवतो, तो काही उगाच नव्हे. तो हाताशी असतो आणि सर्वांस दिसतोही. तो कशासाठी आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याचे कोणास भय वाटत नाही.

कायदाही हीच कसोटी लावतो. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालील २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. घोट्याचे म्यान पहिली अट उत्तम पाळते. दुसरी मात्र कष्टाने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण बचावास लागेल त्याहून अधिक इजा करू देत नाही. आता पाहा, ज्यास वाकून, पाटलोण सारून पिस्तूल काढण्याइतकी सवड मिळते, त्यास बहुधा निघून जाण्याचीही सवड असते. आणि ज्यास ती नसते, त्यास घोट्याचे पिस्तूल सापडत नाही.

महामार्गालगत जमिनीस मोल आले, तसे रोख पैशाचे भय वाढले, हे आम्ही नाकारीत नाही. पण खेड्यातला तंटा पुष्कळदा बांधावरचा असतो, आणि समोर उभा असतो तो चुलतभाऊ. तेथे पिस्तूल कमरेला असो की पायाला, ते अंगावर असणे हाच मोठा धोका. चार शब्दांवर मिटणारे भांडण एका गोळीने दोन घरे उद्ध्वस्त करते.

म्हणून आमचे मत असे. ज्याच्या जिवास खरा धोका आहे व ज्याने रीतसर शिक्षण घेतले आहे, त्याने शस्त्र कमरेला, झाकून, ताब्यात ठेवावे. घोट्याची जागा दुसऱ्या शस्त्रासाठी, किंवा ज्याचा दिवस मोटारीत जातो त्याच्यासाठी ठीक. इतरांनी रोकड बँकेत ठेवावी, रात्री सोबत घेऊन निघावे, आणि बांधाचा वाद मोजणीदाराकडून सोडवून घ्यावा.