विजेच्या गळतीचा पहारेकरी

फ्यूज आपणांस विजेच्या धक्क्यापासून वांचवितो, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु फ्यूज वितळण्यास कित्येक अँपिअर प्रवाह लागतो. माणसाच्या हृदयाची लय कायमची मोडण्यास अँपिअरचा विसावा भागही पुरतो. फ्यूज राखतो तो तारांना.

आर.सी.सी.बी. नांवाच्या यंत्रांत जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारा एकाच लोहवलयांतून नेलेल्या असतात. गेला तितकाच प्रवाह परतला, तर दोहोंचें चुंबकत्व परस्परांस खोडून काढतें. ओल्या भिंतीवाटें किंवा कोणाच्या देहावाटें कांहीं प्रवाह जमिनींत उतरला कीं तोल ढळतो, वलयावरील वेटोळ्यांत वीज उपजते आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरच्या फरकास हें ०.३ सेकंदाच्या आंत घडावें लागतें. आगीपासून इमारत राखण्यास ३०० मिलिअँपिअरचें यंत्रही चालतें. माणसासाठीं तें उपयोगाचें नाहीं.

मात्र कोरड्या लांकडावर उभें राहून दोन्ही तारा धरणाऱ्यापुढें हा पहारेकरी आंधळाच! तो देह त्याला दिव्यासारखाच भासतो.