नांगराच्या घोड्यांची वास्तू

इंग्लंडच्या ग्रामीण वास्तुकलेच्या अभ्यासात चर्च, जमीनदारांचे वाडे आणि धान्याची विशाल कोठारे यांना जे स्थान मिळाले, ते शेतावरच्या तबेल्याला मिळाले नाही. वस्तुतः शेतकऱ्याच्या घराखालोखाल चांगले बांधकाम अनेकदा याच इमारतीच्या वाट्याला येई, आणि त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक होता. मध्ययुगात नांगराला प्रामुख्याने बैल जुंपले जात. पुढे घोड्यांनी त्यांची जागा घेतली, तरी ससेक्स परगण्यात बैलजोड्या विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होत्या. थकलेला बैल पोसून खाटकाला विकता येई, घोड्याच्या मांसाला मात्र इंग्लंडात फारसे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे त्याच्यात गुंतवलेला पैसा त्याच्या श्रमातूनच वसूल करावा लागे, आणि तो आजारी न पडणे ही मालकाची गरज होती.

आज उभे असलेले बहुतेक तबेले अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असून त्यांची रचना साधारणपणे दुमजली आहे: खाली घोड्यांची ठाणी, वर वैरणीचा माळा. दार रुंद आणि उंच, बहुधा आडवे दुभागलेले असे, म्हणजे खालची झडप लावून वरची हवेसाठी उघडी ठेवता येई. दोन ठाण्यांमधला फळ्यांचा आडोसा घोड्याच्या डोक्याकडे उंच आणि मागे उतरता असे, कारण शेजाऱ्याला चावणे आणि त्याची चंदी पळवणे या दोन्ही खोड्या तोंडाकडूनच होतात. भिंतीलगत गव्हाण, तिच्यावर गवताची तिरपी जाळी आणि जाळीच्या डोक्यावर माळ्याच्या तक्तपोशीत ठेवलेली फट, अशी ही मांडणी होती. वरून गवत ढकलले की ते थेट जाळीत पडे.

श्रम वाचवणारी ही युक्ती घोड्याला मात्र जाचक ठरे. गवतातील धूळ व बी त्याच्या डोळ्यांत जाई, आणि खालची दमट हवा व मूत्रातून सुटणारा अमोनिया वर जाऊन साठवलेली वैरण बिघडवी. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी जाळी गव्हाणीच्या पातळीवर आणण्याचा, माळा कमी करण्याचा आणि छपराच्या आढ्यावर हवेसाठी झरोके ठेवण्याचा आग्रह धरला. खिडक्यांतही हाच विचार दिसतो: वर काच आणि खाली लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटी, ज्यांतील एक सरकवली की फटी उघडत किंवा मिटत. जमिनीला आधी गोटे बसवलेले असत, पुढे खाचा पाडलेल्या कठीण विटा आल्या. त्यांच्यामुळे नालांना पकड मिळे आणि उतारावरून मूत्र मागच्या गटारात वाहून जाई.

जुंपणीचा सरंजाम घोड्यांच्या मागील भिंतीवरच्या खुंट्यांना टांगत, किंवा त्यासाठी शेजारी वेगळी खोली असे. कातडे ओलाव्याने बुरशी धरते, म्हणून या खोलीत पुष्कळदा शेकोटी बांधलेली आढळते. पहाटे उठून चंदी घालणारी अविवाहित पोरे अनेक शेतांवर वरच्या माळ्यातच झोपत. म्हणजे कातड्याला शेकोटी आणि माणसाला घोड्यांच्या अंगाची ऊब, असा तो न्याय होता. इमारतीचा नकाशा मालकाच्या दृष्टीने मौल्यवान काय होते ते इतके उघड सांगतो, की या व्यवस्थेला रम्य ग्रामजीवन म्हणून रंगवणारी वर्णने सावधपणेच वाचावीत.

१९४६ पासून कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागलेल्या छोट्या करड्या फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरांनी घोड्यांचे उरलेसुरले काम संपवले. तबेल्यांत वासरे आली, अवजारे आली, आणि ठाण्यांचे आडोसे जळणात गेले. त्यामुळे बाहेरून शाबूत दिसणाऱ्या इमारतींच्या मानाने आतली मांडणी टिकलेले तबेले थोडेच आहेत. २०१४ पासून इंग्लंडात शेतीच्या इमारतींचे घरांत रूपांतर करणे काही अटींवर सोपे झाले. वारसायादीत नोंदलेल्या इमारतींना ती सवलत लागू नाही. त्यांचा अंतर्भागही संरक्षित असल्याने, वास्तूच्या स्वरूपाला बाध येईल अशा रीतीने गव्हाण किंवा आडोसा परवानगीविना काढणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे.