नवे यंत्र घ्यावे केव्हा?

बाजारात येणारी प्रत्येक नवी वस्तू ग्राहकापुढे दोन प्रश्न उभे करते. ही वस्तू घ्यावी काय, हा पहिला. आणि घ्यायची तर केव्हा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा जाहिरातदारांपासून जाणकारांपर्यंत सारेच करतात. दुसरा मात्र ज्याच्या त्याच्या हौसेवर आणि ऐपतीवर सोडून दिला जातो. वास्तविक मर्यादित मिळकतीच्या माणसाच्या दृष्टीने दुसरा प्रश्नच अधिक निकडीचा आहे. कारण योग्य वस्तू अवेळी घेतल्यानेही पदरचे पैसे तितकेच वाया जातात. या संदर्भात २००६ साली अमेरिका व जपानच्या बाजारात आलेल्या ब्लू-रे रायटरचे, म्हणजे उच्च क्षमतेच्या तबकड्या लिहिणाऱ्या आणि मेजावरील संगणकात बसविता येणाऱ्या यंत्राचे, प्रकरण उद्बोधक आहे. या यंत्राचा उदय आणि उतार असे दोन्ही आता पाहून झाले असल्याने घाई करणाऱ्याचा आणि थांबणाऱ्याचा, दोघांचाही हिशेब मांडता येतो.

निळ्या किरणाचे गणित

तबकडीवर किती माहिती मावते हे तिच्यावर पडणाऱ्या लेसर किरणावर अवलंबून असते. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितका त्याचा ठिपका बारीक. आणि ठिपका जितका बारीक, तितक्या तबकडीवरील खुणा दाट. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा किरण वापरला गेला व तिच्यावर सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावली. डीव्हीडीचा किरण ६५० नॅनोमीटरचा आणि क्षमता ४.७ गिगाबाइटची. जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात निळ्या प्रकाशाचे डायोड व लेसर व्यवहारात आणल्यानंतर ४०५ नॅनोमीटरचा किरण हाती आला आणि पुढच्या पिढीच्या तबकडीचा मार्ग मोकळा झाला.

मार्ग मोकळा झाला खरा, पण त्यावरून दोन गाड्या निघाल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आदी नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली. तोशिबा आणि एनईसी यांनी त्याच वर्षी वेगळी योजना मांडली. तीच पुढे एचडी डीव्हीडी या नावाने ओळखली गेली. दोघांचा किरण एकच. फरक होता तो माहितीचा थर पृष्ठभागापासून किती खोल असावा, याचा. तोशिबाने डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरची खोली कायम ठेवली. त्यामुळे चालू कारखान्यांत थोडेफार फेरफार करून नव्या तबकड्या काढता येणार होत्या. मात्र एका थरात १५ गिगाबाइटच मावत होते. ब्लू-रेने ही खोली ०.१ मिलिमीटरवर आणली. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागणार होती, पण क्षमता २५ गिगाबाइटपर्यंत गेली. एका पक्षाने उत्पादकाचा खर्च वाचविला, तर दुसऱ्याने क्षमता वाढविली. दोन्ही पक्षांच्या मागे विचार होता. नव्हती ती तडजोडीची तयारी. २००५ साली दोघांना एकत्र आणण्याची बोलणी फिसकटली आणि ती बोलणी ज्यांच्यासाठी व्हावयास हवी होती, त्या ग्राहकांवर निवडीचा भार आला.

हजार डॉलरची पहिली खेप

२००६ साली पायोनियर कंपनीने संगणकासाठी पहिला ब्लू-रे रायटर आणला, तेव्हा त्याची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. तो केवळ एक थराच्या तबकड्या लिहीत असे, आणि आश्चर्य म्हणजे साधी सीडी त्याला वाचता येत नसे. त्याच्या दुप्पट वेगानेही २५ गिगाबाइटची तबकडी भरण्यास पाऊण तास लागे. कोऱ्या तबकडीला सुमारे वीस डॉलर पडत. तेवढीच माहिती साठविण्यास सहा डीव्हीडी पुरत होत्या, आणि अमेरिकेत कोरी डीव्हीडी एका डॉलरच्या आत मिळत होती. म्हणजे जे काम सहा डॉलरच्या आत होत होते, त्यासाठी वीस डॉलर मोजावयाचे, आणि तसे मोजता यावेत म्हणून आधी हजार डॉलरचे यंत्र घ्यावयाचे! प्रत्येक तबकडीगणिक तोटाच होत असेल, तर यंत्राची किंमत कितीही वर्षांनी वसूल होणे शक्य नव्हते.

चित्रपट पाहण्यासाठी यंत्र घेणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक छुपा खर्च आला. नक्कल रोखण्यासाठी निर्मात्यांनी घातलेल्या अटींमुळे संगणकाचे ग्राफिक कार्ड आणि मॉनिटर ही दोन्हीही विशिष्ट संरक्षण-पद्धती मानणारी असावी लागत. जुना मॉनिटर डिजिटल तारेने जोडलेला असेल, तर विकत घेतलेला चित्रपटही त्यावर दिसत नसे. एका यंत्राच्या खरेदीतून अशा रीतीने तीन खरेद्या उद्भवत.

२००७ च्या आरंभी एलजी कंपनीने ब्लू-रे लिहिणारा आणि एचडी डीव्हीडीही वाचणारा रायटर जाहीर केला. किंमत सुमारे बाराशे डॉलर. उत्पादकांच्या भांडणापासून सुटका हवी असेल, तर तिचेही पैसे ग्राहकानेच मोजावेत, असा हा प्रकार होता.

थांबण्याचे मोल

अशा परिस्थितीत शहाण्या ग्राहकाने काय करावे? मुंबईत जन्मलेले व तेथील सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्यासमवेत १९९४ साली लिहिलेल्या ग्रंथात या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली आहे. तो ग्रंथ कारखानदारांच्या गुंतवणुकीविषयी आहे. परंतु त्यातील तत्त्व गृहस्थालाही लागू पडते. खर्च केलेला पैसा परत मिळणारा नसेल, भविष्य अनिश्चित असेल आणि निर्णय पुढे ढकलणे शक्य असेल, तर थांबण्याच्या मोकळिकीलाच एक मोल असते. यंत्र आज खरेदी करणारा केवळ त्याची किंमत देत नाही, तर ही मोकळीकही खर्चून बसतो. म्हणून यंत्राचा लाभ किमतीपेक्षा किंचित अधिक असणे पुरेसे नाही. गमावलेल्या मोकळिकीची भरपाई होईल इतका तो अधिक असला पाहिजे.

किमतीविषयीचा अंदाजही थांबण्याच्याच बाजूचा होता. रोनाल्ड कोस यांनी १९७२ सालीच दाखवून दिले होते की टिकाऊ वस्तूची किंमत पुढे उतरणार हे ग्राहकांना उमगले, की एकट्या विक्रेत्यालाही ती फार काळ चढी ठेवणे अवघड जाते. येथे तर विक्रेते अनेक होते आणि उतरत्या किमतींचा सीडी व डीव्हीडी रायटरचा अनुभव ताजा होता.

झालेही तसेच. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपटसंस्थेने केवळ ब्लू-रेची बाजू घेण्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघारीची घोषणा केली. एचडी डीव्हीडीचे पहिले यंत्र विक्रीस येऊन तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. संगणकावर स्वतःची माहिती साठवू पाहणाऱ्या माणसाच्या यंत्राचे भवितव्य अशा रीतीने चित्रपटसंस्थांच्या करारमदारांत ठरले. बेस्ट बाय या अमेरिकी दुकानसाखळीने एचडी डीव्हीडी यंत्रे घेतलेल्या आपल्या ग्राहकांना पन्नास डॉलरची भेटपत्रे दिली, हे तिच्या सौजन्याचे द्योतक खरे. परंतु ज्यांनी भांडण मांडले त्यांच्याऐवजी दुकानदाराने भरपाईस पुढे यावे, यातच या व्यवहारातील विषमता उघड होते.

सगळेच थांबले तर?

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. प्रत्येकानेच थांबावयाचे ठरविले, तर नवे तंत्र रुजणार कसे? जोसेफ फॅरेल आणि गार्थ सलोनर यांनी १९८५ साली या अवस्थेचे विवेचन केले होते. नवी पद्धत सर्वांच्या हिताची असूनही पहिले पाऊल कोणी टाकावयाचे, या संकोचापोटी सारा समाज जुन्याच पद्धतीला चिकटून राहू शकतो. आक्षेपात तथ्य आहे. हौशी मंडळींच्या पहिल्या हजार डॉलरांवरच नंतरच्यांची स्वस्ताई उभी राहते, हेही मान्य केले पाहिजे. तथापि ही जोखीम ज्याला झेपते त्याने ती उचलावी. महिन्याच्या पगारावर संसार चालविणाऱ्याने प्रगतीचा भार आपल्या शिरावर घेण्याचे कारण नाही.

शिवाय कोंडी फोडण्याचा दुसरा मार्गही असतो. डीव्हीडी लिहिण्याच्या ‘वजा’ आणि ‘अधिक’ अशा दोन पद्धतींचा असाच तंटा माजला होता. २००२ साली सोनीने दोन्ही प्रकारच्या तबकड्या लिहिणारा रायटर काढला, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि कोणाचाही पराभव न होता वाद निरर्थक ठरला. उत्पादकांनी मनावर घेतले तर ग्राहकाला पणाला लावावे लागत नाही, हे यावरून सिद्ध होते.

प्रतीक्षेलाही मुदत असते

मग थांबणारा सर्वार्थाने जिंकला काय? तसेही नाही. पाचसहा वर्षांत रायटरची किंमत शंभर डॉलरच्या आसपास आली आणि कोऱ्या तबकड्याही स्वस्त झाल्या. परंतु दरम्यान २०१० च्या सुमारास एक हजार गिगाबाइटची हार्ड डिस्क शंभर डॉलरच्या आत मिळू लागली होती. तिच्यातील माहिती उतरवून घेण्यास २५ गिगाबाइटच्या चाळीस तबकड्या एकामागून एक बदलीत बसावे लागले असते. ॲपलने ब्लू-रेला आपल्या संगणकांत कधीच स्थान दिले नाही आणि २०१२ च्या आयमॅकमधून तर तबकडीचा कप्पाच काढून टाकला. ब्लू-रेचा प्रतिस्पर्धी २००८ सालीच हरला होता; पण तिची गरज कमी केली ती हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट यांनी. तबकड्यांच्या मोठ्या उत्पादकांत एकेकाळी गणली जाणारी नोएडाची मोझर बेअर ही कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले.

याचा अर्थ ते यंत्र निरुपयोगी होते असा नव्हे. एकदा लिहून वर्षानुवर्षे जपावयाच्या माहितीसाठी, विजेविना आणि संगणकातील विषाणूंच्या आवाक्याबाहेर राहणारी तबकडी उपयुक्तच असते. फेसबुकने २०१४ साली दहा हजार ब्लू-रे तबकड्यांचे एक कपाट जुन्या माहितीच्या साठवणीसाठी तयार करून दाखविले, ते याच कारणाने. स्वस्ताईची वाट पाहत ज्याने २००६ ते २०११ या काळात आपल्या छायाचित्रांची वा टिपणांची दुसरी प्रत केलीच नाही, आणि मध्येच ज्याची हार्ड डिस्क बिघडली, त्याला वाचविलेल्या डॉलरांचे समाधान कितपत लाभले असेल? साध्या डीव्हीडीवरही ते काम झाले असते. नव्या यंत्रासाठी थांबावे. हातचे काम त्याच्यासाठी थांबवू नये.

तात्पर्य, यंत्राच्या किमतीकडे पाहून खरेदीचा मुहूर्त ठरत नाही. जुन्या साधनाने खरोखर अडते आहे काय, कोऱ्या तबकडीसह गिगाबाइटमागे खर्च किती येतो, एका कंपनीच्या यंत्रावर लिहिलेले दुसरीच्या यंत्रावर वाचता येते काय, आणि वीस वर्षांनी ते वाचणारे यंत्र मिळेल काय, हे चार प्रश्न आधी सोडविले पाहिजेत. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेट आजही कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. त्या लावून पाहण्याचे यंत्र मात्र घरात नाही. तबकडी जाऊन पेन ड्राइव्ह आला आणि इंटरनेटवरील भाड्याची साठवणही आली. साधन बदलले तरी हा प्रश्न सुटलेला नाही, किंबहुना भाडे थकल्यास माहितीचे काय, अशी त्याला नवी पुस्ती जोडली गेली आहे. म्हणून नवे साधन घेताना जुन्यातील मजकूर नव्यात उतरवून घेण्याचा खर्च आणि श्रम हेही खरेदीच्याच हिशेबात धरले पाहिजेत. ते धरून ज्या दिवशी हिशेब जुळेल, तोच खरेदीचा दिवस. मग त्या दिवशी ते यंत्र बाजारात नवे असो वा जुने.