ॲक्सलचे गिअर बदलले की पिकअपची ताकद वाढते?

अमेरिकेत जुन्या पिकअपमागे बोटीचा किंवा कॅम्परचा ट्रेलर जोडणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: मागच्या ॲक्सलमधले ३.०८ चे गिअर काढून ४.१० चे टाकले की गाडीची ताकद वाढते. ताकद वाढत नाही. १९९६ ते १९९८ च्या शेवरलेट सी-१५०० मधलं ५.७ लिटरचं व्होर्टेक इंजिन २५५ हॉर्सपॉवरचं. ॲक्सलमध्ये कोणतेही गिअर बसवले तरी ते तेवढंच राहणार. ४.१० याचा अर्थ पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ४.१ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. चाकापाशी टॉर्क त्या पटीत वाढतो आणि फेरे त्याच पटीत कमी होतात. त्यामुळे विचारायचं ते एवढंच, की ज्या वेगाने ट्रेलर ओढायचा आहे त्या वेगाला इंजिनाची आहे ती ताकद हाताशी येते का? रेशो निवडायचा तो या कसोटीवर.

ही कसोटी कागदावर लावून पाहता येते. मैलांतला वेग गुणिले ३३६ गुणिले ॲक्सलचा रेशो, भागिले टायरचा इंचातला व्यास: गिअरबॉक्स सरळ एकास एक चालत असताना इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतील ते यातून मिळतं. २३५/७५ आर १५ हा टायर साधारण २८.९ इंच उंच भरतो. या गाडीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक ४एल६०-ई गिअरबॉक्सचे रेशो ३.०६, १.६३, १.०० आणि ओव्हरड्राइव्हला ०.७०. ताशी ६५ मैलांना ३.०८ च्या ॲक्सलवर इंजिन ओव्हरड्राइव्हमध्ये सुमारे १,६३० फेऱ्यांवर, तिसऱ्या गिअरमध्ये २,३२५ वर आणि दुसऱ्यात जवळजवळ ३,८०० वर फिरतं. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क मिळतो २,८०० फेऱ्यांना. म्हणजे चढण लागली की तिसरा गिअर अपुरा पडतो आणि दुसऱ्यात टाकलं की इंजिन किंचाळायला लागतं. जिथे ते सर्वांत चांगलं ओढतं ती जागा या दोन गिअरांच्या मधल्या पोकळीत हरवते. ३.७३ चा सेट बसवला की तोच तिसरा गिअर ६५ मैलांना २,८२० फेऱ्यांवर येतो, म्हणजे नेमका त्या जागी. चाकावरचा टॉर्क २१ टक्क्यांनी वाढतो ही गोष्ट वेगळी. ती थांबलेली गाडी उचलताना आणि बोट पाण्यातून रॅम्पवर ओढून काढताना कामाला येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: ओव्हरड्राइव्ह सोडून तिसऱ्या गिअरमध्येच चालवली तर फुकटात तेच साधत नाही का? सपाट मुलखात, हलक्या ट्रेलरसाठी बऱ्याच अंशी साधतं, आणि वर्षातून दोनदा बोट तळ्यावर नेणाऱ्याने ॲक्सल उघडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण हा उपाय तिसऱ्या-दुसऱ्यातली पोकळी भरून काढत नाही आणि सुरुवातीच्या खेचेलाही मदत करत नाही. दुसरा आक्षेप आजच्या गाड्यांचा दाखला देतो, की नव्या पिकअप ३.३१ किंवा ३.५५ वरही भरपूर ओढतात. खरं आहे, पण त्यांच्या दहा गिअरांच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.७ च्या आसपास असतो आणि पुढचे गिअर जवळजवळ असतात. चारच गिअर असलेल्या गाडीत ती कामगिरी ॲक्सललाच करावी लागते.

इंधनाचा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जास्त, हे रिकाम्या गाडीपुरतं खरं, पण तिथेही फेरे २१ टक्के वाढले म्हणून खप २१ टक्के वाढत नाही. हवेचा आणि रस्त्याचा विरोध तेवढाच असतो. वाढतं ते इंजिनातलं घर्षण आणि हवा खेचण्यातला अपव्यय. मागे उभ्या चेहऱ्याचा कॅम्पर असेल तर चित्र पालटतं. ३.०८ वर ओव्हरड्राइव्ह तग धरत नाही, गिअरबॉक्स तिसरा-चौथा करत राहतो, टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटतो आणि सुटलेला कन्व्हर्टर तेल घुसळून इंधनाची उष्णता करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो बहुधा या उष्णतेनेच. मोठ्या आकड्याचे गिअर गिअरबॉक्सवर ताण आणतात असंही म्हटलं जातं. प्रत्यक्षात चाकाला तेवढाच टॉर्क द्यायचा असेल तर गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांना तो कमी द्यावा लागतो.

मग थेट ४.१० का नको? डोंगराळ भागात सतत ओढायचं असेल किंवा टायर मोठे केले असतील तर जरूर घ्यावेत. ३३ इंची टायर चढवले की ३.७३ चा ॲक्सल मूळच्या टायरवरच्या ३.२७ सारखा वागतो, आणि हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. मूळ टायरवर मात्र ४.१० ने तिसरा गिअर ३,१०० फेऱ्यांवर जातो, आणि एरवी रिकामी फिरणाऱ्या गाडीसाठी मला ३.७३ च सरस वाटतो.

सर्वांत घातक समज आहे तो कंपनीने ठरवलेल्या मर्यादेचा. एकाच गाडीला ३.०८ वर कमी आणि ३.७३ वर जास्त वजन ओढायची परवानगी कंपनीच्या तक्त्यात दिसते. त्यावरून लोक मानतात की गिअर बदलले की मर्यादाही वाढली. पण ब्रेक, चेसिस, हिच, स्प्रिंग आणि रेडिएटर आहेत तेच राहतात. दारावरच्या पट्टीवर छापलेलं कमाल वजन गिअर बदलून एका पौंडानेही वाढत नाही. चढणीवर गाडी दमत नाही म्हणून वजन वाढवणाऱ्याला हिशेब उतारावर द्यावा लागतो.

गिअर मागवण्याआधी आत काय आहे ते ओळखावं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ग्लव्ह बॉक्समधल्या पट्टीवर कोड असतो: जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. जुन्या गाडीचा ॲक्सल कुणी आधी बदललेला असू शकतो, म्हणून शेवटी क्राऊनचे दात मोजावेत. काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे डिफरन्शियलचा कॅरियरही बदलावा लागतो. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरा. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा हवाच, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस अडकून तुटायला वेळ लागत नाही. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही जुळवून घ्यावा.

ब्रेक पॅड बदलण्याइतकंच हे सोपं काम, असं समजून घरच्या गॅरेजमध्ये हात घालणारे बरेच आहेत. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, त्यामुळे एका सेटमधला क्राऊन आणि दुसऱ्यातला पिनियन कधीच चालत नाहीत. पिनियनची खोली शिमने ठरते. दातांमधली मोकळीक डायल गेजवर साधारण ०.००६ ते ०.०१० इंचांत बसवावी लागते. दातांना पिवळा रंग लावून क्राऊन फिरवला की दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. तो ठसा दाताच्या टोकाला किंवा मुळाशी सरकलेला दिसला तर सगळं खोलून शिम बदलायचे. पिनियनच्या बेअरिंगांमधली क्रश स्लीव्ह नट आवळताना चेपत जाते. नट जरा जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते. शेवरलेटच्या साडेआठ इंची ॲक्सलमध्ये चाकाकडच्या बेअरिंगचे रोलर थेट ॲक्सल शाफ्टवर फिरतात, म्हणून जुन्या शाफ्टवर चर पडला असेल तर फक्त बेअरिंग नवं टाकून तेलाची गळती थांबणार नाही.

नवा सेट बसल्यावर लगेच ट्रेलर जोडू नये. पहिल्या फेऱ्या पंधरा-वीस मैलांच्या, प्रत्येकीनंतर हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यायचं, ५०० मैलांपर्यंत काहीही ओढायचं नाही आणि मग तेल बदलायचं. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप असेल आणि त्याला फ्रिक्शन मॉडिफायर लागत असेल तर नव्या तेलात तोही घालायचा.