बियाण्याचा हरभरा: ग्रॅमांचा आणि सेंटिमीटरचा हिशेब

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी हरभऱ्याचं एक झाड मातीसकट उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर समजा, जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवू लागले आहेत. हे काम ज्या विकरावर चालतं, त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. तेही किती? मॉलिब्डेनम हेक्टरी शंभर ग्रॅम म्हणजे पुष्कळ झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियात क्लोव्हरचं चारापीक याच्याच अभावी खुरटतं, हे ए. जे. अँडरसन यांनी १९४२ साली दाखवून दिलं.

ती जमीन आम्लधर्मी होती. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या रानाचं दुखणं नेमकं उलटं. सामू आठच्या वर गेला की मॉलिब्डेनम सहज मिळतं. जस्त आणि लोह मात्र मातीत असूनही पिकाच्या हाती लागत नाही. म्हणून जस्त कमी असेल तिथे हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट सांगतात. ते डीएपीत कालवू नका, स्फुरद आणि जस्ताचं जमत नाही. बोरॉन कमी पडलं तर परागनलिका नीट वाढत नाही, फुलं भरपूर येऊनही घाटे धरत नाहीत. मात्र त्याचा डोस जरा वाढला तरी पीक करपतं, तेव्हा माती परीक्षणाशिवाय त्याला हात लावू नये.

आता झाडांची संख्या. ३० बाय १० सेंटिमीटरवर पेरलं तर हेक्टरी ३ लाख ३३ हजार झाडं बसतात. शंभर दाण्यांचं वजन २० ग्रॅम असेल तर बियाणं लागतं ६७ किलो. टपोरा काबुली ३५ ग्रॅमचा असेल तर ११७ किलो, तेही प्रत्येक दाणा उगवला असं धरून. आपण मात्र वाण कुठलाही असो, बॅगाच मोजतो!

विरळ झालं तरी हरभरा फांद्या फोडून जागा भरून काढतो, त्यामुळे डाळीच्या पिकात फारसं बिघडत नाही. बीजोत्पादनात बिघडतं. मागाहून फुटलेल्या फांद्यांवरचे घाटे हिरवे असतानाच आधीचे वाळून खडखडतात आणि मळणीत कच्चा दाणा मिसळतो. प्रमाणित बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते, तिथे असा लॉट मार खातो. अति दाट पेरलं की खालचे घाटे सावलीत राहतात, ओल रेंगाळते आणि बुरशीचं फावतं.

तुटाळ पडलेल्या प्लॉटवर सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली फवारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. उगवण झाली की ओळीतलं एक मीटर अंतर टेपने मोजा. दहा रोपं असायला हवीत.